हाइलब्रॉन की ड्रेस्डेन? जर्मनीत घर कुठल्या राज्यात करावं, तिकडच्या खानदेशी मंडळींनी सांगा

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या घरात महिनाभर हा एकच विषय चालू आहे आणि आता दोन्ही कंपन्यांना उत्तर द्यायची वेळ आलीय, म्हणून शेवटी धागा काढतेय.

आम्ही जळगावला राहतो. मिस्टर एमआयडीसीत ऑटोमेशन बघतात, पीएलसी, सेन्सर, ड्राइव्ह वगैरे, लाईन बंद पडली की रात्री दोनला पण फोन यांनाच. मी जीएनएम, आयसीयूत स्टाफ नर्स आहे. मुलगी तिसरीत, जूनमध्ये चौथीत जाईल, मुलगा तीन वर्षांचा. सासू-सासरे चोपड्याजवळ गावी, केळी आहे, दोघं अजून आपलं आपण करतात पण सासऱ्यांना शुगर आहे आणि त्यांची काळजी मनातून जात नाही.

यांना जर्मनीतून दोन ऑफर आल्यात. एक हाइलब्रॉनची, म्हणजे बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांना मशीन पुरवणारी कंपनी, वर्षाला ५४ हजार युरो. दुसरी ड्रेस्डेनची, सॅक्सनी राज्य, चिपच्या कारखान्यांमधली मशीन बसवून देणं आणि सांभाळणं असं काम, ४९ हजार.

नातेवाईक म्हणतात पाच हजार जास्त मिळतात तर विचार कसला करताय. शिवाय हाइलब्रॉन-श्टुटगार्टकडे आपली माणसं भरपूर, ड्रेस्डेनला ओळखीचं कोणीच नाही, आणि पूर्व जर्मनीबद्दल जे कानावर येतं त्याने भीतीच वाटते. पण मला वाटतं गाव एकदा ठरलं की पुढची दहा वर्षं ठरली, त्यामुळे नुसता पगार बघून ठरवायचं नाहीये. माझं नर्सिंग तिकडे सुरू व्हायला हवं, मला घरी बसायचं नाही. मुलीची शाळा आहे. म्हाताऱ्यांचं येणं-जाणं आहे. तिकडे राहणाऱ्यांनी खरं-खरं सांगा, गोड बोलू नका.

भुसावळ_जंक्शन

ताई आधी अभिनंदन! मी लुडविग्सबुर्गला राहतो, हाइलब्रॉन आमच्याकडून रेल्वेने पाऊण तासाच्या आत. आमच्या भागाचं सांगतो.

आपली माणसं खूप हे खरंच आहे. गणपती, दिवाळी, मुलांचे मराठी वर्ग सगळं होतं, इंडियन दुकानात तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ मिळतं, नवीन आलेल्याला बँक, नोंदणी, विमा यात कोणीतरी सोबत येतं. पहिल्या सहा महिन्यांत याची किंमत खूप असते. घर मात्र अवघड. श्टुटगार्टपेक्षा हाइलब्रॉन जरा बरं पण एका घराच्या मागे पन्नास अर्ज असतात. भाड्याच्या घरात किचन बऱ्याचदा नसतंच, म्हणजे ओटा, सिंक, शेगडी सगळं आपण विकत घेऊन बसवायचं, आधीचा भाडेकरू उचलून घेऊन जातो. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, म्हणजे हीटिंग-पाणी सोडून जे भाडं ते. जाहिरातीत काल्ट बघून खुश होऊ नका, वार्ममीटे, म्हणजे हीटिंग-पाण्यासकटचं भाडं, विचारा, आणि वर्षाच्या शेवटी हीटिंगचा हिशोब होऊन वरचे पैसे मागतात तेही धरून चाला.

अगदी हाइलब्रॉन शहरातच राहिलं पाहिजे असं नाही. डॉइचलांडटिकिट २०२६ पासून महिना ६३ युरो, त्यात सगळ्या देशातल्या लोकल आणि रिजनल गाड्या चालतात, त्यामुळे दोन स्टेशनं लांब राहून माणसं आरामात कामाला जातात.

आणि सासू-सासऱ्यांचं म्हणाल तर फ्रँकफर्ट विमानतळ हाइलब्रॉनपासून दोनेक तासांवर, मुंबईहून थेट विमान आहे. शुगरचं माणूस, मध्ये विमान बदलणं नको, हा मुद्दा मी तरी मोठा धरीन.

शिरपूर_फाटा

ताई बाडेन-व्युर्टेंबर्गच घ्या, आपल्या महाराष्ट्र सरकारचा त्यांच्याशीच करार आहे ना २०२४ चा, दहा हजार पोरं पाठवायचा. आमच्याकडे जर्मनचे क्लास लावलेली सगळी पोरं श्टुटगार्टचंच नाव घेतात. सरकारी पाठिंबा असला की बरं असतं.

भुसावळ_जंक्शन

@शिरपूर_फाटा भाऊ तो करार त्या योजनेतून जाणाऱ्यांसाठी. ताईंच्या मिस्टरांना कंपनीची थेट ऑफर आहे, ते ब्लू कार्डवर, म्हणजे डिग्रीवाल्या परदेशी कामगारांच्या परवान्यावर येतील, त्यांना त्या कराराचा ना फायदा ना तोटा. जर्मनीत १६ राज्यं आहेत, करार एका राज्याशी झाला म्हणून आपल्याकडे तेवढंच नाव ऐकू येतं.

आणि आमच्या भागाची दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. इथलं सगळं गाड्यांवर चालतं आणि गाड्यांचा धंदा सध्या वाईट अवस्थेत आहे. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या झेडएफने २०२४ मध्येच सांगितलं की २०२८ पर्यंत जर्मनीतल्या १४ हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करणार. बॉशने २०२५ च्या सप्टेंबरात आणखी १३ हजार सांगितल्या, त्यातल्या बऱ्याच श्टुटगार्टच्या आसपासच्या. हाइलब्रॉनला लागूनच नेकारझुल्म, तिथे ऑडी गाड्यांचा कारखाना, ऑडीनेही २०२९ पर्यंत साडेसात हजार कमी करायचं ठरवलंय. ताई मिस्टरांना सांगा, कंपनीला सरळ विचारा की तुमची मशीन फक्त इंजिनवाल्यांना जातात की औषधं, पॅकिंग, बॅटरी असे दुसरे गिऱ्हाईक पण आहेत. इंटरव्ह्यूत हे विचारलेलं इथे कोणाला वाईट वाटत नाही.

सातपुडा_पायथा

मी केमनिट्झला असतो, ड्रेस्डेनपासून तासाभरावर, मूळ रावेर तालुका. सॅक्सनीबद्दल लिहिणारं कोणी नसतं म्हणून सविस्तर लिहितो.

कामाचं आधी. ड्रेस्डेनला इन्फिनिऑन, ग्लोबलफाउंड्रीज, बॉश सगळ्यांचे चिपचे कारखाने आहेत आणि तैवानच्या टीएसएमसीचा नवीन कारखाना बांधणं चालू आहे, १० अब्ज युरोच्या वरची गुंतवणूक, २०२७ च्या शेवटी उत्पादन सुरू करायचं म्हणतात. ऑटोमेशनवाल्या माणसाला एक नोकरी गेली तर त्याच गावात दुसरी मिळायची शक्यता चांगली. पण घोषणेवर जाऊ नये हेही खरं, शेजारच्या राज्यात माग्डेबुर्गला इंटेलने ३० अब्जांचा कारखाना सांगितला होता, २०२५ मध्ये रद्द केला. जे चालू आहे तेच धरा.

पगार. ४९ हजार ही रक्कम २०२६ च्या ब्लू कार्डच्या साध्या मर्यादेच्या खाली येते, ती ५०,७०० आहे. पण इंजिनियर हा तुटवड्याचा व्यवसाय आहे, त्यांची मर्यादा ४५,९३४ आणि काही सेंट, त्यामुळे काम होतं, फक्त रोजगार खात्याची संमती लागते, ती कंपनीच्या कागदांवरून घेतात. डिग्री बीईची आहे ना? आणि सॅक्सनीत पगारातून नर्सिंग केअर विमा (म्हातारपणी-आजारपणी सेवा लागली तर त्यासाठीचा) बाकी जर्मनीपेक्षा अर्धा टक्का जास्त कापतात, कारण या राज्याने एक सुट्टी जास्त ठेवलीय. मेटल कामगारांच्या युनियनच्या करारात पश्चिमेला आठवड्याला ३५ तास आहेत, पूर्वेला अजून बऱ्याच कंपन्यांत ३८. ऑफर लेटरवर तास किती लिहिलेत ते बघा, पगारातला फरक तासावर काढला तर आणखी वाढतो.

आता चांगली बाजू. घर मिळतं. भाडं श्टुटगार्टच्या मानाने खूपच कमी, तीन खोल्यांचं घर माणसाच्या आवाक्यात असतं. आणि किटा, म्हणजे बालवाडी-पाळणाघर, हे पूर्वेकडे जुन्या काळापासून सवयीचं आहे कारण दोघांनी काम करायचं हे इथे गृहीतच. वयाच्या पहिल्या वर्षापासून जागा मिळायचा हक्क सगळ्या देशात २०१३ पासून आहे, पण पश्चिमेला हक्क असून जागा नसते. आमच्या पोरीला जागा मिळाली तेव्हा मी आठवडाभर विश्वास ठेवला नाही, कारण कार्ल्सरूहेच्या मित्राचा मुलगा तेव्हा दीड वर्ष वेटिंगवर होता. शाळेतल्या मुलांना चौथीपर्यंत होर्ट असतं, शाळा सुटल्यावर तिथेच जेवण, अभ्यास, खेळ, संध्याकाळपर्यंत. पश्चिमेच्या कितीतरी शाळा दुपारी बारा-साडेबाराला मुलं घरी सोडतात. ताई, शिफ्टमध्ये काम करणाऱ्या नर्सला याचा अर्थ काय ते मी सांगायला नको.

गिरणाकाठ

खूप खूप आभार दोघांचे. डिग्री बीई मेकॅनिकल, जळगावच्याच विद्यापीठाची. होर्टचं माहितीच नव्हतं.

@सातपुडा_पायथा दादा, एक विचारायचं होतं आणि स्पष्ट विचारते. आपल्या रंगाच्या माणसांना तिकडे त्रास होतो का? मुलीला एकटं शाळेत पाठवायचंय म्हणून विचारते.

सातपुडा_पायथा

विचारलं ते बरं केलं, कारण हे लपवून कोणाचं भलं होत नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात सॅक्सनीच्या विधानसभेत बाहेरच्यांना विरोध करणाऱ्या एएफडी पक्षाला ३०.६ टक्के मतं पडली, पहिल्या पक्षाला ३१.९. शेजारच्या थ्युरिंगेनमध्ये तर तोच पक्ष पहिला आला, ३२.८ टक्के. म्हणजे रस्त्यावरच्या तीन माणसांतला एक त्यांना मत देणारा असू शकतो आणि हे डोक्यात ठेवूनच इथे राहायचं. पश्चिमेला हे नाहीच असंही नाही, २०२५ च्या लोकसभेच्या वेळी बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये पण जवळपास पाचातलं एक मत त्यांनाच होतं.

रोजच्या जगण्यात काय, तर ऑफिसात, किटात, डॉक्टरकडे मला कधी वाईट अनुभव नाही. ट्राममध्ये रात्री दारू प्यायलेले दोघं-तिघं मोठ्याने काहीबाही बोललेत, दोनदा मी पुढच्या स्टॉपला उतरून गेलोय. बायको रात्री उशिरा एकटी त्या लाईनने येत नाही. ड्रेस्डेनमध्ये वस्ती बघून घर घ्या. नॉयश्टाट, युनिव्हर्सिटीजवळचा भाग, जिथे कारखान्यांचे बाहेरचे इंजिनियर राहतात तो उत्तरेकडचा भाग, इथे शाळेत पाच-सहा देशांची मुलं असतात. लहान गावात स्वस्त घर दिसलं म्हणून शहराबाहेर जाऊ नका, निदान पहिली काही वर्षं तरी नाही. आणि जर्मन बोलायला लागलात की माणसांचा चेहराच बदलतो, हे दोन्हीकडे खरं आहे.

यावलची_लेक

उशिरा आले पण मला लिहायचंच आहे. मी नर्स, मानहाइमला आहे, जीएनएमच केलेलं. सगळे मिस्टरांच्या ऑफरवर बोलताय. ताई, तुमच्या घरात राज्य कोणतं हा प्रश्न मिस्टरांचा नाहीच, त्यांचं ब्लू कार्ड सगळ्या देशाला सारखं. राज्याशी बांधल्या जाताय तुम्ही आणि तुमची मुलगी.

नर्सचं अनेर्केनुंग, म्हणजे आपल्या डिप्लोम्याला मान्यता, हे राज्याचं खातं करतं. जिथे काम करणार त्या राज्यात अर्ज. ते तुमचे कागद त्यांच्या अभ्यासक्रमाशी लावून बघतात आणि एक पत्र देतात की तुमच्यात हे-हे कमी आहे. मग दोन रस्ते, एक तर परीक्षा, नाहीतर हॉस्पिटलमध्ये काही महिन्यांचा अनपासुंग्सलेअरगांग, वॉर्डावर काम करत शिकायचं. बरोबर जर्मन बी२, म्हणजे भाषेची चौथी पायरी. हे सगळं झालं की सर्टिफिकेट मिळतं आणि ते मात्र सगळ्या जर्मनीत चालतं. अडचण मधल्या काळात असते. माझ्याबरोबरची एक केरळची मुलगी, अर्ज झाला, पत्र आलं, तेवढ्यात नवऱ्याने दुसऱ्या राज्यात नोकरी घेतली. तिथलं खातं वेगळं, तिथले नियम थोडे वेगळे, कोर्स चालवणारं हॉस्पिटल नव्याने शोधायचं. तिचं जवळजवळ वर्ष गेलं, त्या वर्षात ती पगार कमी असलेली हेल्परच राहिली. म्हणून सांगते, सर्टिफिकेट हातात येईपर्यंत राज्य बदलायचं नाही, आणि म्हणूनच पहिलं राज्य विचार करून निवडायचं.

तुम्ही ब्लू कार्डवाल्याची बायको म्हणून येणार, त्यामुळे व्हिसासाठी भाषेची अट नाही आणि आल्या दिवसापासून काम करायची परवानगी असते. मान्यता येईपर्यंत हेल्पर म्हणून लागता येतं, पगार कमी पण वॉर्ड कळतो आणि कान तयार होतो. इथे नर्सचं काम आपल्यासारखं नाही बरं का. पेशंटला अंघोळ, तोंड धुणं, जेवण भरवणं, कुशीवर वळवणं सगळं नर्स करते, नातेवाईक रात्रभर उशाशी बसलेले नसतात. सलाईनची सुई लावणं मात्र बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच करतात. आयसीयूवाल्या बऱ्याच मुलींना पहिल्या महिन्यात हे खूप लागतं, मनाची तयारी करून या.

कागद आजपासून जमवा. नुसत्या मार्कशीटवर काम होत नाही. तुमच्या नर्सिंग स्कूलकडून तासांची ट्रान्सक्रिप्ट घ्या, थिअरीचे प्रत्येक विषयाचे तास वेगळे आणि वॉर्डाचे वेगळे, मेडिसिनला किती, सर्जरीला किती, लहान मुलं, बाळंतीण, मानसिक आजार, कम्युनिटी, प्रत्येकाचा आकडा आणि वर प्राचार्यांची सही-शिक्का. आपल्याकडच्या शाळा एका ओळीत तीन वर्षांचा कोर्स पूर्ण केला असं लिहून देतात, ते परत येतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेवा आणि गुड स्टँडिंगचं पत्र मागवा. आणि नाव! डिप्लोमा माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, मधलं नाव आधी वडिलांचं मग नवऱ्याचं. इथल्या बाईला ती दोन वेगळी माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला त्याच स्पेलिंगमध्ये असू द्या.

आता ठरवायचं कसं. दोन्ही शहरांतल्या हॉस्पिटलना आत्ताच मेल टाका, जर्मनमध्ये, कोणाकडून तरी नीट लिहून घ्या. विचारा की परदेशी नर्ससाठी अनपासुंग्सलेअरगांग तुम्ही स्वतः घेता का, जागा देऊ शकता का, लेखी द्याल का. जे शहर तुम्हाला लेखी देईल ते तुमचं शहर. पाच हजार युरोच्या फरकापेक्षा तुमचा पूर्ण पगार एक वर्ष आधी सुरू होणं कितीतरी मोठं आहे.

तोरणमाळ

+१ यावलची_लेक. शाळेचं मी सांगतो, आम्ही पॉट्सडॅमला आहोत, ब्रँडेनबुर्ग राज्य, मूळ शहादा.

जर्मनीत शाळा पूर्ण राज्याचा विषय. बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीच्या मध्यात शाळा सांगते की मूल गिम्नाझियुमला, म्हणजे युनिव्हर्सिटीकडे नेणाऱ्या शाळेत जावं की दुसऱ्या प्रकारच्या शाळेत. फक्त बर्लिन आणि ब्रँडेनबुर्गमध्ये प्राथमिक सहावीपर्यंत आहे. तुमची मुलगी येईल तेव्हा बरोबर चौथीत, म्हणजे शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू आणि हिवाळा संपेपर्यंत शिफारस. चार-पाच महिन्यांत कितीही हुशार पोरगी असली तरी जर्मन भाषेत मार्क कुठून आणणार? सॅक्सनीत जर्मन, गणित आणि परिसर या विषयांची सरासरी २.० किंवा त्याहून चांगली लागते, आणि इथे १ म्हणजे सगळ्यात चांगलं. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये २०२५ पासून नियम परत कडक केलेत, पालकांची इच्छा, शाळेची शिफारस आणि एक चाचणी या तिन्हीतल्या दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

घाबरू नका, उपाय आहेत. दोन्ही राज्यांत नवीन आलेल्या मुलांसाठी भाषेचे तयारी वर्ग आहेत. पहिल्याच भेटीत शाळेला विनंती करा की हिला तिसरीत बसवा. आपल्याकडे वर्ष वाया गेलं म्हणतात, इथे एक वर्ष मागे बसलेली मुलं वर्गात असतातच, कोणी चिडवत नाही. आमच्या मोठ्याला आम्ही तसंच बसवलं आणि वर्षभरात त्याचं जर्मन आमच्यापेक्षा पुढे गेलं. आणि गिम्नाझियुम नाही मिळालं तरी दहावीनंतर व्यावसायिक गिम्नाझियुममधून आबिटूर, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा करता येते, युनिव्हर्सिटीचं दार बंद होत नाही. पण हे घरातल्या मोठ्यांना आत्ताच समजावून ठेवा, नाहीतर फोनवर रोज विचारतील की पोरगी मागे का बसली.

भाषेबद्दल अजून एक. क्लासात शिकलेलं जर्मन घेऊन श्टुटगार्टकडे उतरलं की तिथली श्वेबिश बोली ऐकून, पुण्याचा माणूस पहिल्यांदा साक्रीच्या बाजारात अहिराणी ऐकतो तसं होतं. सॅक्सनीची पण वेगळी बोली आहे. मुलं दोन महिन्यांत उचलतात, मोठ्यांना वेळ लागतो.

आप्पा_अमळनेर

मुलगी, मी वयाने मोठा म्हणून लिहितो. माझा मुलगा म्युनिकजवळ आहे, सून पण नोकरी करते. सगळे तुझ्या सासू-सासऱ्यांच्या विमानाचं बोलताय, ते येणं-जाणं होईल, तीन महिन्यांचा व्हिसा मिळतो, आम्ही दोघं जाऊन आलो. पण कायमचं नेण्याचं आधी समजून घे. १ मार्च २०२४ नंतर ज्यांना पहिल्यांदा कुशल कामगाराचा परवाना मिळाला त्यांना आई-वडील आणि सासू-सासऱ्यांना पण बोलवता येतं असा कायदा झालाय. ऐकून आम्हाला वाटलं झालं काम. मुलाने चौकशी केली तर गाडी आरोग्य विम्यावर अडली. सरकारी विम्यात म्हाताऱ्या आई-बापाला घेत नाहीत, खाजगी विमा या वयात, त्यात शुगर असली तर, एकतर मिळत नाही नाहीतर हप्ता न परवडणारा. आणि हे सगळ्या राज्यांत सारखंच, हाइलब्रॉन घे नाहीतर ड्रेस्डेन.

म्हणून गाव निवडताना आमचा विचार विमानापुरताच कर, त्याहून जास्त नको. आमचा खरा आधार इथेच उभा करून जा. चोपड्यात चांगला डॉक्टर ठरवून ठेव, दर तीन महिन्यांची तपासणी कोण करून आणेल ते ठरव, शेजारच्या एकाला महिन्याचे पैसे लावून दे, केळीचा व्यवहार कोण बघेल ते लिहून ठेव, बँकेत तुझ्या नवऱ्याचं नाव जोडून घे. आम्ही म्हातारे फोनवर सगळं बरं आहे असंच सांगतो, म्हणून दुसऱ्या कोणाकडून पण खबर घेत जा.

बेटा, जठे जाशी तठे सुखी ऱ्हाय.

पारोळा_ते_पर्थ

जर्मनी पक्कं झालंय ना? नाहीतर ऑस्ट्रेलियात नर्सचं रजिस्ट्रेशन देशभर एकच असतं. तिथे भागाचा प्रश्न व्हिसात येतो, ४९१ चा कुशल कामगार व्हिसा घेतला तर रिजनल भागातच, म्हणजे सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहावं लागतं, त्याचे व्हिसाच्या गुणांत १५ गुण मिळतात. पर्थ, अ‍ॅडलेड त्यात चालतात. तीन वर्षांनी पीआरचा रस्ता. ताईंनी विचारलं नाहीये पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

गिरणाकाठ

सगळ्यांना हात जोडून धन्यवाद. आप्पा, तुमची पोस्ट मी सासऱ्यांना वाचून दाखवली, ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले बरोबर लिहिलंय त्यांनी. केळीचं चुलत दीर बघणार असं ठरलं, डॉक्टरांशी पण बोलून आलो.

यावलच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडच्या हॉस्पिटलना मेल टाकले. हाइलब्रॉनकडून एकाचं उत्तर आलं, की मान्यता पूर्ण झाली की अर्ज करा. ड्रेस्डेनच्या एका हॉस्पिटलने मात्र व्हिडिओ कॉल घेतला, त्यांच्याकडे परदेशी नर्सचा स्वतःचा वर्ग आहे, बी१ झालं की हेल्पर म्हणून घेतो आणि पत्र आलं की लेअरगांगमध्ये जागा देतो असं मेलवर लिहून दिलं. मिस्टरांनी हाइलब्रॉनच्या कंपनीला गिऱ्हाईकांचं विचारलं, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की बहुतेक गाड्यांवालेच आहेत. ड्रेस्डेनच्या ऑफरवर तास ३८ आहेत, ते आम्ही स्वीकारलंय.

तर आम्ही ड्रेस्डेन ठरवलं. पाच हजार सोडतोय, मराठी माणसांची सोबत सोडतोय, आणि ते एएफडीचे आकडे वाचून मिस्टर दोन रात्री नीट झोपले नाहीत हेही सांगते. घर युनिव्हर्सिटीजवळ किंवा उत्तरेला बघणार. मुलीला तिसरीत बसवायचं पण ठरलं, तिला सांगितलं तर ती म्हणाली चालेल पण मग मी वर्गात सगळ्यात उंच असेन का.

आता एक शेवटचं, एजंट म्हणतो सगळ्या कागदांवर अपॉस्टिल, म्हणजे परदेशासाठी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का मारून घ्या, एका कागदाचे बरेच पैसे सांगतोय. करू का?

यावलची_लेक

थांब, पैसे देऊ नकोस! भारताच्या अपॉस्टिलला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे तो शिक्का जर्मनीसाठी चालत नाही. एजंट लोक सगळ्या देशांना एकच पॅकेज विकतात. मान्यतेच्या खात्याच्या वेबसाईटवर तुझ्या राज्याची कागदांची यादी आहे, तेवढंच कर, भाषांतर शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच. मिस्टरांच्या डिग्रीचं पण बघ, विद्यापीठाचं नाव २०१८ ला बदलून बहिणाबाई चौधरींचं झालं, त्याआधीची डिग्री असेल तर त्यावर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ लिहिलेलं असेल. अ‍ॅनाबिन या परदेशी डिग्र्यांच्या जर्मन यादीवर दोन्ही नावांनी शोधा, विद्यापीठ आणि डिग्री दोन्ही दिसायला हवं, नसेल तर परदेशी शिक्षण तपासणाऱ्या बॉनच्या झेडएबी या खात्याकडून तुलनेचं पत्र मागवावं लागतं, त्याला वेळ लागतो म्हणून आजच बघायला सांग.

सातपुडा_पायथा

वा, या या! किटाचा अर्ज ड्रेस्डेनच्या पालिकेच्या पोर्टलवर ऑनलाईन असतो, घराचा पत्ता पक्का झाला की लगेच भरा, मी लिंक व्यनि करतो. आणि येताना काळा मसाला आणि बिबडे भरपूर आणा, आमच्याकडे संपलेत.

गिरणाकाठ

आणते दादा. ताई, अ‍ॅनाबिनवर आत्ता हे बसलेत शोधायला. उद्या मी नर्सिंग स्कूलला जातेय, तासांचा तक्ता स्वतः टाईप करून नेते म्हणजे प्राचार्य मॅडमला रजिस्टर बघून आकडे तपासून फक्त सही करावी लागेल. कुठल्या विषयाचे रकाने करायचे ते तुमच्या कागदावरून बघून पाठवाल का?